तळाच्या संघाचा शेवटचा सामना

डिसेंबर २०२५ मध्ये एफसी गोवाने फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर ईस्ट बंगालला पेनल्टी शूटआऊटमध्ये नमवून सुपर चषक स्वतःकडे राखला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात या संघाने भुवनेश्वर येथे जमशेदपूरला ३-० असे हरवून हाच चषक जिंकला होता. एका वर्षात दोनदा चषक उंचावणाऱ्या संघाचे कौतुक व्हायलाच हवे होते आणि ते झालेही. मात्र त्या आनंदाला चिंतेची किनार होती. देशातील सर्वोच्च स्पर्धा असलेल्या इंडियन सुपर लीगचा नवा हंगाम तेव्हा सुरूच झालेला नव्हता. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीगची आयोजक कंपनी यांच्यातील कराराची मुदत संपत आल्याने जुलैतच हंगाम लांबणीवर टाकण्यात आला होता.

हंगाम नसला तर नेमके काय हरवते? विजेत्या संघाचे काय हरवते हे सर्वांना दिसते. हरणाऱ्या संघाचे काय हरवते, याचा विचार सहसा होत नाही. तो करायचा तर याच एफसी गोवाचा २०१६ मधील एक सामना आठवावा लागेल.

२०१५ च्या साखळीत एफसी गोवा अव्वल होता. २० डिसेंबर २०१५ रोजी फातोर्ड्यावर झालेल्या अंतिम सामन्यात तो नव्वदाव्या मिनिटाला २-१ असा आघाडीवर होता. त्यानंतरच्या काही क्षणांत चेन्नईयन एफसीने दोन गोल करून ३-२ असे जेतेपद हिरावून नेले. पुढच्याच हंगामात गोव्याची इतकी घसरण झाली, की आठ संघांच्या लीगमध्ये तो तळाला गेला. ब्राझीलचे महान खेळाडू झिको प्रशिक्षक होते, प्रेक्षकही पाठीशी होते. पण बचाव ढासळला होता आणि विजय दुर्मीळ झाले होते. १ डिसेंबर २०१६ रोजी साखळीतील शेवटच्या सामन्यासाठी समोर आला तो गतविजेता चेन्नईयनच. उपांत्य फेरीची दारे दोघांनाही बंद झाली होती. व्यवहाराच्या भाषेत या सामन्याला काही अर्थ उरला नव्हता.

तो सामना गोव्याने ५-४ असा जिंकला. निर्णायक गोल भरपाई वेळेत झाला आणि तो केला साहिल तावोरा या गोमंतकीय तरुणाने. वर्षभरापूर्वी ज्या मैदानावर, ज्या प्रतिस्पर्ध्याने, ज्या घटकेला घाव घातला होता, तेथेच त्याची परतफेड झाली. गुणतक्त्यात मात्र काहीही बदलले नाही. गोवा तळालाच राहिला.

अशा विजयाचे मोल ठरवताना दोन टोके टाळली पाहिजेत. एक म्हणजे त्याला चमत्कार मानणे. हंगामाच्या अखेरीस तळाच्या संघावरचे दडपण उतरलेले असते, गमावण्यासारखे काही उरत नाही, प्रशिक्षक तरुणांना मोकळेपणाने संधी देतो आणि प्रतिस्पर्ध्याची धारही बोथट झालेली असते. ज्या सामन्यात चार गोल खावे लागले, त्यात बचावाचे दुखणे बरे झाले असे कोणीही म्हणणार नाही. दुसरे टोक म्हणजे तो निरर्थक ठरवणे. स्थानिक खेळाडू अटीतटीच्या क्षणी काय करू शकतो, हे कसोटीच्या घडीवाचून कळत नाही. ती घडी तावोराला मिळाली, ती केवळ शेवटचा सामना वेळापत्रकात होता म्हणून.

खरा प्रश्न त्यानंतरचा असतो. शेवटच्या विजयाच्या आडोशाने हंगामभराच्या चुका झाकायच्या, की त्या मोजायच्या? एफसी गोवाने त्या मोजल्या. झिको यांचा कार्यकाळ संपला आणि २०१७ मध्ये स्पेनचे सर्जिओ लोबेरा आले. त्यांच्याबरोबर चेंडू ताब्यात ठेवून आक्रमण करण्याची शैली आली. फेरान कोरोमिनासच्या गोलांना मंदार राव देसाई, ब्रँडन फर्नांडिस यांच्यासारख्या गोमंतकीयांची जोड मिळाली. एप्रिल २०१९ मध्ये संघाने सुपर चषक जिंकला, तोही चेन्नईयनला २-१ असे हरवून. २०१९-२० मध्ये साखळीतील अव्वल स्थान पटकावले, तेव्हा लोबेरा यांच्या जागी संघाची धुरा क्लिफर्ड मिरांडा या गोव्याच्याच माजी खेळाडूकडे होती. त्या बळावर २०२१ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा हा पहिला भारतीय क्लब ठरला. हे सारे त्या एका विजयामुळे घडले असा दावा करणे भाबडेपणाचे ठरेल. मात्र तळाला गेल्यावरही पुढचा हंगाम हमखास होता, म्हणून सुधारणेला अवधी मिळाला. आयएसएलमध्ये तेव्हा पदावनती नव्हती, हे येथे विसरता येत नाही.

आपल्या जुन्या क्लबांना हा अवधी लाभला नाही. २००६-०७ ते २०१२-१३ असे सलग सात हंगाम राष्ट्रीय विजेतेपद धेंपो, चर्चिल ब्रदर्स आणि साळगावकर यांच्यातच फिरत राहिले. त्यानंतर ती परंपरा खंडित झाली ती कायमची. धेंपो २०१५ मध्ये खालच्या श्रेणीत घसरला. वर्षभरात त्याने ती श्रेणी जिंकली खरी, पण २०१६ मध्ये महासंघाच्या नव्या आराखड्याला विरोध करत धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिघेही राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. धेंपोला परतायला २०२४ उजाडले. खेळाडूंचा मात्र तुटवडा नव्हता. मार्च २०१७ मध्ये बांबोळी येथे झालेल्या संतोष करंडकाच्या अंतिम सामन्यात गोव्याने बंगालला जादा वेळेपर्यंत झुंजवले आणि अखेर एका गोलाने हार पत्करली. गुण होते, ते दाखवण्याची ठिकाणे कमी झाली होती.

डिचोलीच्या वाचकाला या कहाणीतील एक धागा ओळखीचा वाटेल. गोव्याच्या फुटबॉलला ज्या घराण्यांनी आश्रय दिला, त्यांतील धेंपो आणि साळगावकर यांची भरभराट खाण व्यवसायावर झाली. डिचोलीची खाण धेंपोंचीच होती. २००९ मध्ये त्यांचा खाण व्यवसाय सेसा गोवाकडे गेला, २०१२ मध्ये राज्यातील खाणी थांबल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्याने पुन्हा ठप्प झाल्या. जुन्या क्लबांच्या पीछेहाटीचे खापर एकट्या खाणबंदीवर फोडता येणार नाही. आयएसएलच्या आगमनाने सारी रचनाच बदलली. तरीही धडा स्पष्ट आहे. एखाद्या उद्योगाच्या किंवा एखाद्या कराराच्या भरवशावर उभा असलेला खेळ त्याच्याबरोबरच डळमळतो.

याचा फटका चषक जिंकणाऱ्यांपेक्षा खालच्या पायऱ्यांवर अधिक बसतो. कारापूर-सर्वण परिसरातील एखादा मुलगा महाविद्यालयाच्या किंवा गावच्या संघातून खेळतो, तेव्हा तो संघ बहुधा हरणाराच असतो. त्याच्या वाट्याला दोन-तीन दिवसांची बाद पद्धतीची स्पर्धा आली, तर पहिल्याच पराभवानंतर बूट काढून ठेवावे लागतात. साखळी स्पर्धा असेल, तर पाच सामने हरूनही सहावा उरतो आणि त्या सहाव्यात कोणीतरी नजरेत भरतो. आंतरमहाविद्यालयीन आणि तालुका पातळीवर दीर्घ साखळी स्पर्धा भरवणे हे खर्चाचे आणि कटकटीचे काम आहे. पण विजेत्यांना रोख बक्षिसे वाटण्यापेक्षा त्याचा उपयोग निश्चितच अधिक होईल.

आयएसएलचा पेच करारमदारांच्या भाषेत चर्चिला गेला: हक्क कोणाचे, महसूल किती, जबाबदारी कोणाची. हे प्रश्न महत्त्वाचेच आहेत. परंतु ते सोडवणाऱ्यांनी हंगामाकडे केवळ विजेता ठरवण्याची यंत्रणा म्हणून पाहू नये. १ डिसेंबर २०१६ च्या सामन्याने गुणतक्त्यात काहीच बदलले नाही आणि तरीही तो खेळवला गेला. हरणाऱ्या संघाला तेवढीच हमी हवी असते.