मुदत ७२ तासांची, घड्याळे मात्र दोन

कासुर्डी (ता. दौंड), प्रतिनिधी : पुणे-सोलापूर महामार्गालगतच्या कासुर्डीसारख्या गावांत शेतकऱ्याच्या हाती मोबाइल आला, तसे त्याचे सरकारी कामकाजही मोबाइलवर आले. मात्र कागदी अर्जाची मुदत आणि अ‍ॅपवरील मुदत यांतील फरक अ‍ॅप बनविणाऱ्यांनी पुरेसा ओळखलेला दिसत नाही. पंतप्रधान पीकविमा योजनेतील नुकसानीची पूर्वसूचना हे याचे ठळक उदाहरण होय.

२०१६ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा ही सूचना ४८ तासांत देणे बंधनकारक होते. ऑक्टोबर २०१८ पासून ती मुदत ७२ तासांची झाली. मुदतीमागील कारण रास्त आहे. पाणी ओसरले, की नुकसानीचा पुरावाही ओसरतो. प्रश्न आहे तो या अवधीत शेतकऱ्याकडून काय काय मागितले जाते याचा. मोबाइल क्रमांक, ओटीपी, हंगाम, वर्ष, योजना, राज्य, पॉलिसी क्रमांक, गट क्रमांक, नुकसानीचे कारण, तारीख, पिकाची अवस्था, नुकसानीची अंदाजे टक्केवारी आणि छायाचित्र एवढे सारे भरल्यावर डॉकेट आयडी मिळतो. वादळी पावसानंतर वीज गेलेली, रेंज नाही, बॅटरी उतरलेली. अशा वेळी ७२ तासांच्या घड्याळाच्या पोटात ओटीपीचे काही मिनिटांचे दुसरे घड्याळ धावत असते. संदेश उशिरा आला, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात!

टक्केवारी तर पाहणीच्या वेळी ठरणारच असते. मग ती पहिल्याच सूचनेत कशाला? मुदत तोकडी असेल, तर प्रश्नही मोजकेच हवेत. रेंज नसताना भरलेली माहिती वेळेच्या नोंदीसह मोबाइलमध्येच जपली जावी आणि मुदतीसाठी तीच वेळ ग्राह्य धरावी. संकेतस्थळांच्या सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष २००८ पासून सांगतात, की वेळ संपण्यापूर्वी वापरकर्त्याला इशारा द्यावा, मुदत वाढवून घेण्यास किमान २० सेकंद द्यावेत आणि अशी वाढ किमान १० वेळा मिळावी.

खरीप २०२५ पासून राज्याने भरपाई पीक कापणी प्रयोगांवर आधारल्याने ही पूर्वसूचना येथे मागे पडली. मात्र वन्यप्राण्यांमुळे होणाऱ्या नुकसानीस खरीप २०२६ पासून विमा संरक्षण देण्याची घोषणा केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये केली असून, त्यासाठीही ७२ तासांत अ‍ॅपवर स्थळाची नोंद असलेली छायाचित्रे पाठविण्याची अट आहे. रानडुकरांनी रात्री लोळविलेला मका शेतकऱ्याला कधी सकाळी दिसतो, कधी दोन दिवसांनी. राज्याने हे संरक्षण लागू केल्यास, तास घटनेपासून मोजायचे की ती लक्षात आल्यापासून, हे अ‍ॅपच्या पहिल्याच पडद्यावर स्पष्ट मराठीत लिहावे लागेल.