ग्लिसरिनची बाटली

गेल्या पौषांत आमच्या घरीं टाचांच्या भेगांवरून एक लहानसा वाद झाला. धाकट्या सूनबाईंनीं ग्लिसरिनची बाटली आणिली. पण आमच्या वहिनी, वय ऐंशीच्या पुढें, त्या बाटलीला हात लावीनात. "त्यांत चरबी असते," एवढेंच त्यांचें म्हणणें. म्हातारपणची समजूत म्हणून आम्हीं तें हंसण्यावारी नेलें, आणि येथेंच आम्ही चुकलों.

साबण करतांना क्षारानें तेल वा चरबी फुटते, व साबणाबरोबर हें घट्ट, रंगहीन, गोड द्रव्य वेगळें होतें. १७७९ सालीं स्वीडनमधील शेले या रसायनशास्त्रज्ञानें ऑलिव्हचें तेल मुरदाडशिंगाबरोबर तापवून तें प्रथम मिळविलें. ग्लिसरिन हें नांवही 'गोड' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडलेलें आहे. गंमत अशी कीं, निघतें तेलांतून, पण तेलाशीं त्याचें जमत नाहीं. विरघळतें तें पाण्यांत! आज तें खोबरेल व पाम तेलापासून निघतें, तसेंच प्राण्यांच्या चरबीपासूनही निघतें. शुद्ध केल्यावर दोहोंत कांहींएक भेद राहात नाहीं, त्यामुळें नुसतें द्रव्य पाहून त्याचें मूळ ओळखतां येत नाहीं. वहिनींची शंका खुळी नव्हती. आम्हीं तसें त्यांना सर्वांदेखत सांगितलें.

सूनबाईंची तक्रार निराळीच होती. कोरें ग्लिसरिन लावल्यापासून त्यांचे ओठ अधिकच चुरचुरूं लागले होते. या द्रव्याचा धर्मच पाणी ओढून घेण्याचा. हवा दमट असली तर तें हवेंतून घेतें. कोरडी असली तर त्वचेच्याच आंतल्या थरांतून. तेव्हां एका भागास दोन-तीन भाग गुलाबपाणी मिसळावें, स्नानानंतर अंग ओलसर असतांनाच लावावें, आणि वरून तेलाचा हलका हात फिरवावा. तेल पाणी ओढीत नाहीं, पण असलेलें उडूं देत नाहीं.

वहिनींसाठीं आम्हीं कोंकणांतून कोकमतेलाचा गोळा मागविला. कोकमाच्या बियांचें हें तेल थंडींत दगडासारखें घट्ट असतें व सुमारें ४० अंशांवर वितळतें. रात्रीं कोमट पाण्यानें पाय धुऊन, पळींत पातळ केलेलें तेल त्या भेगांत भरीत. पंधरवड्यांत भेगा मिटूं लागल्या. सूनबाईही आतां ग्लिसरिनवर तेंच लावतात. बाटली मात्र अद्याप न्हाणीघराच्या फळीवरच आहे. वहिनींनीं ती देवघराच्या बाजूस येऊं दिलेली नाहीं.