फूटपट्टी कुणाच्या मापाची?



गेल्या उन्हाळ्यात आमच्या तालुक्याच्या सल्ला केंद्रात एकोणीस वर्षांची एक मुलगी आली. केंद्रात येणाऱ्या बहुतेकजणींकडे मारहाणीची, पोटगीची, टाकून दिल्याची तक्रार असते. हिची तक्रार नव्हती, प्रश्न होता. "ताई, उंची वाढवायचं खरंखुरं औषध मिळतं का?" पहाटे पाचला उठून ती डांबरी रस्त्यावर धावत होती. १.६ किलोमीटरचं अंतर तिला वेळेत कापता येत होतं. पण अग्निवीर भरतीत स्त्रियांसाठी उंचीची सर्वसाधारण अट आहे १६२ सेंटिमीटर, आणि ती होती १५८. दोन वर्षांची धाव चार सेंटिमीटरवर अडली होती.

मी तिला सांगितलं, असं औषध नसतं, जाहिरातींना भुलून पैसे घालवू नकोस. ती गेली, पण प्रश्न माझ्यापाशी राहिला.

भारतीय स्त्रीची सरासरी उंची साधारण १५२ सेंटिमीटर आहे, पुरुषाची साधारण १६५. भूदलात पुरुषांच्या उंचीची अट प्रदेशागणिक बदलते, पण ती १७०च्या पुढे जात नाही. म्हणजे पुरुषाकडून सरासरीपेक्षा फार तर पाचेक सेंटिमीटर जास्त मागायचे आणि स्त्रीकडून दहा. तरीही बोललं जातं ते मात्र "बायकांना सवलती देतात" असंच! धावण्याच्या वेळेतली सवलत सगळ्यांना दिसते, उंचीतली ही जादा वसुली कुणाला दिसत नाही. महाराष्ट्र पोलिसांत स्त्रियांना १५५ सेंटिमीटर उंची पुरते. मग सैनिकी पोलीस दलात असं कोणतं काम आहे, जे १५८ सेंटिमीटरच्या मुलीला जमणारच नाही? असेल, तर ते सांगावं. नुसतं "नियम आहे" हे उत्तर होत नाही.

ही मोजमापं वरवर तटस्थ दिसतात, पण त्यांचा काच कुणाला बसतो ते तपासावं लागतं. हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. १९९२मध्ये वैद्यकीय शाखांखेरीज इतर विभागांत स्त्री अधिकारी घ्यायला भूदलाने सुरुवात केली. त्यांना कायम नियुक्ती द्यावी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १७ फेब्रुवारी २०२० रोजी दिला. त्यानंतर भूदलाने त्यांना आरोग्याची 'शेप-वन' ही श्रेणी लावली. अट पुरुषांनाही तीच होती. पण पुरुष अधिकाऱ्यांना ती लावली जाई पाचव्या किंवा दहाव्या वर्षी, ऐन तारुण्यात. पुढे तब्येत उतरली तरी त्यांची नोकरी टिके. स्त्रियांना मात्र, हक्क नाकारण्यात वर्षं गेल्यावर, चाळिशी-पन्नाशीला आलेल्या शरीराने तीच परीक्षा द्यायला लावली. २५ मार्च २०२१ रोजी न्यायालयाने याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटलं. नियमामागचा हेतू काय एवढंच पाहून भागत नाही, त्याचा परिणाम काय होतो हे पाहायला हवं, हे या निकालाने आपल्या हाती दिलेलं मोठं साधन आहे.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. १९९८मध्ये ब्रिटिश भूदलाने नव्या भरतीतल्या स्त्री-पुरुषांना सरसकट एकाच मापाचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. हाडं आणि सांध्यांच्या दुखापतींमुळे बाद होणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण दुपटीच्या वर गेलं. सारखेपणा म्हणजे समता नव्हे, हे आपण चळवळीत कितीदा म्हणतो! कामाला जे बळ लागतं ते स्त्रीकडूनही मागावं, पण तिथवर पोचण्याची वाट तिच्या शरीराला पेलेल अशी आखावी.

आणि मोजमाप घेण्याची रीत? २०२३मध्ये राजस्थानात वनरक्षक भरतीत मुलींची छाती मोजून त्यांना बाद केलं गेलं. फुप्फुसांची ताकद तपासायला दुसऱ्या पद्धती असताना हा प्रकार! उच्च न्यायालयाने त्या मुलींची याचिका मान्य केली नाही, पण ही मोजणी मनमानी असून स्त्रीच्या प्रतिष्ठेला धक्का देणारी आहे, असं स्पष्ट शब्दांत सुनावलं.

आता आपल्या घरात येऊ. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात पुरेसं रक्त नाही. पुरुषांमध्ये हे प्रमाण २५ टक्के आहे. उंची काही अंशी आईबापांकडून येते हे खरं, पण काही अंशी ती ताटातून येते. ताटात आधी कुणाला वाढलं जातं, हे तुम्हांआम्हांला कुणी सांगायला नको. भरतीच्या मैदानावर मुलीची दमछाक होते, तेव्हा तिच्या घरातली अठरा वर्षांची वाढप तिथे मोजली जात असते. पाळी आल्यावर तिचं मैदान सुटलेलं असतं आणि पहाटेच्या अंधारात एकटीने धावण्याची धास्ती तिच्या सोबतीला असते.

काही मैत्रिणी म्हणतील, बंदुकीच्या आणि युद्धाच्या व्यवस्थेत शिरणं हा काय स्त्रीमुक्तीचा मार्ग? मलाही हा प्रश्न छळतो. युद्धाला माझा विरोध आहे आणि तो राहील. पण त्या मुलीला हवा होता पगार, आणि लग्न दोन-चार वर्षं लांबवायला कारण. तिने काय नाकारावं हे ठरवण्याआधी, ते नाकारण्याची ताकद तिच्या हाती यायला हवी. मे २०२५मध्ये खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. दार उघडलं, हे चांगलंच झालं. मात्र उंबरठा किती उंच ठेवायचा, हे अजून दुसरेच ठरवतात.

म्हणून आपली मागणी साधी असावी. प्रत्येक शारीरिक अट कोणत्या कामासाठी आहे, हे जाहिरातीतच लिहा. मोजणी स्त्री कर्मचाऱ्यांकडून आणि आडोशाला करा. आणि गावोगावी मुलींना मैदान, दिवे आणि शिकवणारी बाई मिळू द्या.

ती मुलगी आता पोलीस भरतीसाठी ८०० मीटर धावण्याचा आणि गोळाफेकीचा सराव करते. परवा भेटली तेव्हा म्हणाली, "ताई, धाकटीला मात्र मी आत्तापासून दूध द्यायला लावलंय घरी." कुठल्याही निकालपत्राइतकंच हे वाक्य मला मोलाचं वाटलं.

तुमच्या गावात पहाटे कोण धावतं? मुली धावतात का? आम्हांला जरूर लिहा.