पूल बंद आधी, सामान नंतर!

आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. चालू सर्व्हर बंद करून मग कोड लिहायला कोणी बसत नाही. कोड आधी लिहायचा, दुसऱ्या मशीनवर तपासायचा, आणि शनिवारी रात्री दोन तास सिस्टिम खाली घेऊन नवा चढवायचा. सोमवारी सकाळी क्लायंटला पत्ताही लागत नाही. याच्या उलट करणाऱ्याला मॅनेजर त्याच दिवशी घरी पाठवेल.

पुलांच्या बाबतीत मात्र आपण नेमकं उलटं करतो. आधी पूल बंद, मग सामानाची जुळवाजुळव.

अंधेरीचा गोखले पूलच घ्या. ३ जुलै २०१८ ला त्याच्या फुटपाथचा भाग रुळांवर कोसळला, दोन जीव गेले. धोकादायक म्हणून अख्खा पूल बंद झाला तो नोव्हेंबर २०२२ मध्ये. म्हणजे मध्ये चार वर्षं हातात होती! आणि नवे पोलादी गर्डर? ते अंबाल्याच्या कारखान्यात बनून अंधेरीत पोचले २०२३ मध्ये. अर्धा पूल सुरू झाला फेब्रुवारी २०२४ ला, पूर्ण मे २०२५ ला. अडीच वर्षं! त्यात शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी नव्या पुलाची उंचीच जुळेना, तो जॅक लावून उचलावा लागला.

मुंबईकरांचे हाल निदान टीव्हीवर तरी दिसले. आमच्या भंडारा जिल्ह्यात असं झालं तर कोण विचारतो? वैनगंगा, सूर, बावनथडी, चूलबंद... जिल्हाच नद्यांचा. पुलांवरून रेतीचे टिप्पर जातात, तुमसरकडचे मँगनीजचे ट्रक जातात, हंगामात धानाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या जातात. एक पूल बंद झाला की पुढचा पूल शेजारच्या गल्लीत नसतो, कधीकधी दुसऱ्या तालुक्यात असतो.

गंमत अशी, की म्हातारा झालेला प्रत्येक पूल पूर्ण मेलेला नसतो. बऱ्याचदा पाये आणि खांब धडधाकट असतात, सडलेला असतो तो वरचा स्लॅब, म्हणजे डेक. सांध्यातून पाणी झिरपतं, सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटचे पोपडे पाडते. आपण त्यावर काय करतो? डांबराचा नवा थर! साधा हिशोब करा. साडेसात मीटर रुंद, शंभर मीटर लांब पूल, त्यावर वर्षानुवर्षं साठलेला १० सेंटीमीटर जादा थर. वजन होतं सुमारे १७० टन. आजारी माणसाच्या डोक्यावर आपण पोतं ठेवतो आणि वर म्हणतो, रस्ता गुळगुळीत केला!

डेक जागेवर ओतायचा तर शटरिंग, सळई, ओतकाम, मग पाणी मारत बसणं, असे महिने जातात. पावसाळा लागला की पुढचा हंगाम. त्यापेक्षा डेकचे तुकडे काठावरच्या यार्डात आधीच ओतून ठेवता येतात. ते पिकेपर्यंत जुन्या पुलावरून वाहतूक चालू. मग एका रात्री रस्ता बंद करायचा, जुना तुकडा कापून उचलायचा, क्रेनने नवा बसवायचा, सांधे लवकर घट्ट होणाऱ्या काँक्रीटने भरायचे.

हे स्वप्न नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मेडफर्डमध्ये ऑगस्ट २०१० ला महामार्गाच्या एका पुलाच्या डेकला भगदाड पडलं. पुढच्याच उन्हाळ्यात, २०११ मध्ये, त्या रस्त्यावरचे १४ पूल त्यांनी १० वीकेंडमध्ये बदलले, गर्डरसकट डेकचे तयार भाग बसवून. शुक्रवारी रात्री बंद, सोमवारी पहाटे सुरू. नेहमीच्या पद्धतीने याच कामाला किमान चार वर्षं लागली असती.

"आपल्याकडे नाही होणार" म्हणणाऱ्यांनी नागपूर मेट्रो बघावी. तिचे काँक्रीटचे तुकडे यार्डात ओतून आणलेले आहेत. रेल्वे तर काही तासांचा ब्लॉक घेऊन जुने गर्डर बदलते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा पूल वाहून गेला, तिथला नवा पूल १६५ दिवसांत बांधून जून २०१७ मध्ये खुला झालाच की! म्हणजे वेगाने करता येतं. फक्त त्यासाठी आधी दोन एसट्या वाहून जाव्या लागतात.

आता खरा आक्षेप: हे महाग पडतं. टेंडरात पडतंही. पण टेंडरात लोकांचा वेळ मोजलाय का? समजा, रोज २,००० गाड्यांना २० किलोमीटरचा फेरा पडला. दिवसाला ४०,००० किलोमीटर. किलोमीटरला पाच रुपये धरले तरी रोजचे दोन लाख. आठ महिन्यांत पावणेपाच कोटींच्या वर. (आकडे मी धरलेत, तुम्ही तुमच्या गावच्या पुलाचे टाका.) हा पैसा कुठल्याच बिलात दिसत नाही, कारण तो शेतकऱ्याच्या आणि मोटरसायकलवाल्याच्या खिशातून जातो. "सगळ्यात स्वस्त" टेंडर हे असं स्वस्त असतं.

दुसरा आक्षेपही मान्य. खांब किंवा पाया खचला असेल तर नवा डेक म्हणजे पडक्या घराला नवं छप्पर. कमानीच्या जुन्या दगडी पुलांचा इलाजच वेगळा. आणि तयार तुकड्यांत मापं मिलिमीटरमध्ये लागतात, सांधा नीट भरला नाही तर पाणी तिथूनच आत शिरणार. पण मग आधी तपासा, मोजा! तपासणी म्हणजे खालून फोटो काढून "सुस्थितीत" असा शिक्का मारणं नव्हे.

माझी मागणी दोनच ओळींची आहे. सामान यार्डात तयार झाल्याशिवाय, जिवाला धोका नसेल तर, पूल बंद करू नका. आणि टेंडरात प्रत्येक बंद दिवसाची किंमत लिहा: लवकर उघडला तर ठेकेदाराला बक्षीस, उशीर झाला तर दंड.

आणि "जिवाला धोका आहे म्हणून अचानक बंद करावा लागला" हे कारण सांगू नका. स्लॅब एका रात्रीत सडत नाही. तो वर्षानुवर्षं पोपडे टाकून सांगत असतो. ऐकणारा कोणी नसतो, एवढंच.

असो. सोमवारी आमचं रिलीज आहे. कोड तयार आहे :)