मचाणीवरचं नशीब

गावात माणूस मचाणीवरून पडला की पारावर पहिला शब्द निघतो 'नशीब'. दुसरा निघतो 'दारू', मग तो माणूस जन्मात प्यालेला असो की नसो. तिसरा शब्द कोणी काढत नाही. पायरी कशी होती, बल्ली कधीची होती, दोर होता का, हे कोणी विचारत नाही. मला राग आहे तो ह्या न विचारण्याचा. दहावीपर्यंत शिकलेल्या माणसाचं लिहिणं आहे, वाकडंतिकडं असेल तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. पण मुद्दा सोडू नये.

शहरातल्या वाचकाला आधी सांगतो. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, टिपेश्वरच्या जंगलापासून फार दूर नाही. सोयाबीनला शेंगा धरल्या की रानडुकरं आणि रोही वावरात उतरतात. डुकरांचा कळप रात्री शिरला तर सकाळी पीक कुठं होतं आणि नांगरट कुठं, हे ओळखू येत नाही. म्हणून पोळ्यापासून हरभरा निघेपर्यंत रोज रात्री कोणाला तरी वावरात बसावं लागतं. त्याला आम्ही जागल म्हणतो. खाली बसलं तर डुक्कर अंगावर येतं, सापाची भीती असते आणि आता वाघाचीही. 2018 साली आमच्याच जिल्ह्यात अवनी वाघिणीची दहशत होती. तेव्हापासून मचाणी आणखी उंच गेल्या. कोणाची आठ फुटांवर, कोणाची बारा. चार बल्ल्या, वर आडव्या फळ्या किंवा बांबूचा तट्ट्या, पावसासाठी ताडपत्री. झाली मचाण.

मचाण हा खरं तर शिकाऱ्याचा शब्द. राजेरजवाडे आणि गोरे साहेब वाघासाठी मचाण बांधून बसत. 1972 साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला, शिकार बंद झाली. झाली ते बरंच झालं. शिकारी गेला आणि मचाण आमच्या गळ्यात राहिली. फरक एवढाच की साहेबाची मचाण बांधायला गावची दहा माणसं राबत, आणि तो एखाददोन रात्री बसून निघून जाई. आमचा माणूस सहा महिने बसतो, आणि मचाण मागच्या वर्षीचीच असते.

अमेरिकेत अजूनही हरणाच्या शिकारीला झाडावर मचाण लावून बसतात. तिथं शिकाऱ्याला शिकवताना पहिला धडा नेमबाजीचा नसतो का, हे मला ठाऊक करून घ्यायची गरज नाही. पण एक धडा असतोच, आणि तो पक्का असतो. खांद्यावरून आणि मांड्यांतून जाणारा पट्टा अंगात घालायचा. पाय जमिनीवरून उचलला की पट्टा झाडाला अडकवायचा आणि पाय परत जमिनीला लागेपर्यंत सोडायचा नाही. बंदूक हातात घेऊन चढायचं नाही. ती रिकामी करून खाली ठेवायची आणि वर बसल्यावर दोरीनं ओढून घ्यायची. हौसेसाठी झाडावर बसणाऱ्या माणसासाठी एवढे नियम आहेत. पोटासाठी बसणाऱ्या आमच्या माणसाला एक साधा दोर नाही.

तेवढ्या लांब कशाला जा. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री आपल्याच जंगलांत पाणवठ्याजवळच्या मचाणींवर शहरातली हौशी माणसं प्राणी पाहायला बसतात. बसावं, जंगल पाहावं, माझं काही म्हणणं नाही. मी पाहिलेल्या अशा मचाणीला धड शिडी होती आणि कठडा होता. त्याच जंगलाच्या कडेला, धुऱ्याच्या पलीकडे, आमचा गडी वर्षभर जुन्या बल्ल्यांवर झोपतो. एका रात्रीच्या पाहुण्याला कठडा आणि दीडशे रात्री बसणाऱ्याला काही नाही, हा कुठला न्याय?

माझ्या शेजारच्या वावरातला सालगडी तीन वर्षांपूर्वी पडला. त्याचं नाव लिहीत नाही. पहाटे उतरत होता. खांद्यावर घोंगडी, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात डबा आणि काठी. पायरीवर दव होतं. पायरी म्हणजे एका खिळ्यावर ठोकलेला दांडा, तो पायाखाली फिरला. उंची नऊ फूट. पाठीवर आपटला. माणसं धावली, बगलेत हात घालून उभा केला, उभा राहिना म्हणून मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेला. मी पोचलो तेव्हा गाडी निघून गेली होती. आज त्याच्या कमरेखाली काही हलत नाही. मणका पडण्यानं गेला की मोटारसायकलच्या हिसक्यानं, हे आता कोणीच सांगू शकत नाही. मालकानं दवाखान्याचं पहिलं बिल भरलं आणि म्हणाला, "नशीबच फुटकं त्याचं, आपण काय करणार?"

काय करणार ते मी सांगतो. पडण्याची कारणं मोजून घ्या, बोटावर मावतात. पहिलं, चढता-उतरताना हात मोकळे नसणं. दोन पाय आणि एक हात, नाहीतर दोन हात आणि एक पाय, असं तीन ठिकाणी माणूस शिडीला धरून पाहिजे. सामान पिशवीत भरून दोरीनं वर ओढावं आणि दोरीनंच खाली सोडावं. दुसरं, कुजकं लाकूड. बांबूला कीड लागली की पीठ गळतं, ते दिसलं की तो बांबू चुलीत घालावा. प्लास्टिकची दोरी उन्हानं वर्षभरात कडक होते आणि हातानं तुटते. खिळा गंजतो. शेवग्यासारखं ठिसूळ झाड असेल तर त्याच्या फांदीच्या भरवशावर मचाण बांधूच नये. तिसरं, झोप. दिवसभर राबलेला माणूस रात्री जागतो असं समजणारा स्वतः कधी जागलीला गेलेला नाही. माणूस झोपणारच. म्हणून चारही बाजूंनी कठडा पाहिजे आणि दोर पाहिजे. दोर इतका आखूड की झोपेत कूस वळली तरी अंग कडेपलीकडे जाऊच नये. नुसता कमरेला लांब दोर बांधून खाली लटकणं हे पडण्याइतकंच वाईट. बांधकामावरच्या मजुरासारखा खांद्या-मांड्यांचा पट्टा मिळाला तर उत्तम. तो एका फवारणीच्या औषधाच्या पैशात येतो. चौथं, घाई. डुकराचा आवाज आला की अंधारात उडी मारून मागे धावणं. डुक्कर वरूनच हाकलावं. डबा वाजवा, बॅटरी मारा, फटाका फोडा. आणि पाचवं, दारू. ती असेल तर मचाणीवर जायचंच नाही.

हे बोललो की उत्तरं ठरलेली असतात. एक म्हणतो, "आमचा बुढा चाळीस वर्षं बसला, कुठं पडला?" तुमचा बुढा पडला नसेल, पण गावात ज्यांच्या नावापुढे 'लंगडा' किंवा 'कुबडा' लागलं, ते कुठून पडले होते ते विचारून पाहा. मचाण, विहीर, मोहाचं झाड, ह्यातलंच काही निघेल. पडलेल्यांचा हिशोब कोणी लिहिला नाही, नुसती टोपणनावं ठेवली. दुसरा म्हणतो, "बांधून घेतलं आन् वाघ आला तर पळू कसा?" अरे बापा, वाघ खाली असताना मचाणीवरून उतरून तू कुठं पळणार आहेस? वर राहण्यासाठीच तर मचाण आहे. तिसरा म्हणतो, "दोर बांधून बसणं हे बायकी काम." त्याला उत्तर पडलेल्या गड्याच्या बायकोनं द्यावं. ती आता त्याचं हागणंमुतणं काढून दिवसभर दुसऱ्याच्या वावरात निंदण करते आणि रात्री त्याची कूस बदलायला दोनदा उठते. चौथा पैशाचं म्हणतो. तोच माणूस सौर झटका मशीन घेतो, तारेचं कुंपण घालतो. घ्यावं, चांगलं आहे. पीक वाचवायला हजारो रुपये निघतात आणि पीक वाचवणाऱ्या माणसासाठी कठड्याचे चार दांडे निघत नाहीत.

सरकारचंही बोलतो. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. तिच्यात उंचावरून पडून झालेला अपघात धरला आहे. मृत्यूला 2 लाख, दोन अवयव निकामी झाले तर 2 लाख, एक अवयव गेला तर 1 लाख. पुष्कळ शेतकऱ्यांना हे ठाऊकच नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. पण ही योजना सातबारावाल्याची आणि त्याच्या कुटुंबातल्या आणखी एका माणसाची. आता सांगा, मचाणीवर बसतो कोण? चार एकरवाला स्वतः बसतो, खरं आहे. पण वीस एकरवाला सालगडी बसवतो, आणि त्याच्या नावावर भुईचा तुकडा नसतो. ज्याचं वावर आहे तो घरी गादीवर, त्याच्या अपघाताला अनुदान. ज्याचं वावर नाही तो मचाणीवर, त्याच्या अपघाताला नशीब. वाघानं माणूस मारला तर वर्तमानपत्र येतं, वनखातं येतं, भरपाई मिळते. वाघाच्या भीतीनं उंच बांधलेल्या मचाणीवरून पडला तर कोणी येत नाही. माझी मागणी साधी आहे. जागलीला बसणाऱ्या भूमिहीन गड्याला ह्या योजनेत धरा.

सरकार ऐकेल तेव्हा ऐकेल. तोवर गावानं दोन गोष्टी कराव्यात. कोणी पडला तर त्याला उठवून बसवू नका. होता तसा राहू द्या, 108 ला फोन करा. हलवणं भागच असेल तर चार-पाच जणांनी मान, पाठ आणि पाय एका रेषेत धरून फळीवर नाहीतर दाराच्या पल्ल्यावर घ्या. मोटारसायकलवर कधीच नाही. ही एक गोष्ट.

दुसरी गोष्ट मालकांसाठी. पोळ्याआधी दिवसाउजेडी मालकानं स्वतः मचाणीवर चढावं. मधोमध उभं राहून पाय आपटून पाहावं, प्रत्येक पायरीवर अंगाचा भार टाकावा, कठडा हलवून पाहावा, एक रात्र तिथं स्वतः झोपावं. त्याच्या बायकोला त्या रात्री घरी झोप लागली, तर मग खुशाल गड्याला वर पाठवावं.