खाल्ल्या मिठाचं ओझं

मुलाला वाईट कामाला लावायचं असेल तर आधी त्याला जेवू घालतात. परिविक्षा अधिकारी म्हणून निरीक्षणगृहातल्या मुलांच्या घरी जाऊन चौकशी करायची, अहवाल लिहायचा, यात माझी सगळी नोकरी गेली. तिथे पाहिलेली ही गोष्ट नेमकी मांडणारं पुस्तक मला निवृत्तीनंतर भेटलं. ते होतं जादू, राजवाडे आणि ड्रॅगनच्या कपाटात. माझ्या वयाची माणसं त्या कपाटाकडे सहसा वळत नाहीत. माझ्या मुलीनं ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "आई, हे तुझ्या कामाचं आहे." तिचं म्हणणं खरं होतं.

रॉबिन हॉब ही अमेरिकन लेखिका. खरं नाव मार्गारेट ऑग्डेन, जन्म १९५२ चा, वाढली अलास्कात. आधी ती मेगन लिंडहोम या नावानं लिहायची. १९९५ साली रॉबिन हॉब हे नवं नाव घेऊन तिनं 'असॅसिन्स अप्रेंटिस' लिहिली. पुढचे दोन भाग १९९६ आणि १९९७ साली आले, आणि त्याच जगाची गोष्ट ती २०१७ पर्यंत लिहीत राहिली. ही एका मारेकऱ्याची कहाणी आहे, असं पाठीमागच्या मजकुरावरून वाटतं. मला ती एका पोराला सांभाळणाऱ्या घराची कहाणी वाटते, आणि त्या घरावरचा आरोपही.

सहा वर्षांचा एक मुलगा. आईचे वडील त्याला सैनिकांच्या ठाण्यावर आणतात, हा तुमच्या युवराजाचा, आता तुम्हीच पोसा, असं सांगून शिपायाच्या हवाली करतात आणि निघून जातात. युवराज शिव्हलरी लग्नाबाहेरच्या या मुलाची बातमी कळताच गादीवरचा हक्क सोडतो आणि पत्नीसह दूर राहायला जातो. मुलाचं तोंडही पाहत नाही. मुलगा वाढतो तो घोड्यांच्या पागेत, बरिच नावाच्या पागेच्या प्रमुखाजवळ, कुत्र्यांच्या कुशीत. त्याला धड नावही नसतं. पुढे फिट्झ हे नाव चिकटतं, तेही त्याच्या जन्माचा डाग सांगणारं.

मग तो प्रसंग येतो, ज्यासाठी मी हे पुस्तक जपून ठेवलं आहे. मेजवानीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, दरबाराच्या दालनात उरलंसुरलं खायला हा मुलगा कुत्र्याचं पिल्लू घेऊन शिरलेला असतो. आजोबा, म्हणजे राजा श्रूड, तिथे येतात. धाकटा राजपुत्र रीगल सोबत असतो. मुलाच्या देखतच राजा रीगलला समजावतो की अशा मुलाकडे दुर्लक्ष केलं तर उद्या तो दुसऱ्या कुणाच्या हातातलं हत्यार होईल, म्हणून त्याला आत्ताच आपलंसं करावं. मग तो मुलाशी बोलतो. माझं अन्न खातोस, माझं छप्पर आहे, आणखीही देईन. कपडे देईन, शिक्षण देईन. उद्या तुला कुणी माझ्याविरुद्ध जाण्यासाठी याहून जास्त देऊ केलं, तर आधी माझ्याकडे ये, मी त्याहून जास्त देईन. एवढं बोलून राजा आपल्या अंगरख्यावरची माणिक जडवलेली चांदीची टाचणी काढतो आणि पोराच्या सदऱ्याला खोचतो. मुलगा विकला गेलेला असतो, आणि त्याला वाटत असतं की आपलं कुणीतरी आहे.

हा राजा दुष्ट नाही. तो मुलाला मारत नाही, उपाशी ठेवत नाही, दिलेला शब्द पाळतो. इथेच हॉब इतर लेखकांहून मोठी ठरते, असं मला मनापासून वाटतं. क्रूर माणसानं मुलाला वापरलं तर आपल्याला लगेच कळतं. प्रेमानं बोलणाऱ्यानं वापरलं तर मुलाला कळत नाहीच, शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही कळत नाही.

मी कुणा एका मुलाची हकीकत इथे सांगणार नाही. कायद्यानं त्यांची ओळख गुप्त राखायची असते, आणि कायदा नसता तरी मी ती राखली असती. पण चौकशीला बसलं की बोलणं कसं सरकायचं ते सांगते. गुन्ह्याबद्दल विचारलं की मुलगा गप्प. घरचं विचारलं की खांदे उडवणार. मग मी विचारायची, जेवायला कुठे असायचास? तिथे तोंड उघडायचं. 'मामाकडे.' हा मामा आईचा भाऊ नसायचा. कधी तो मामा, कधी दादा, कधी भाई. त्यानं पहिल्यांदा वडापाव दिला, मग बूट घेऊन दिले, आजारपणात दवाखान्यात नेलं, वस्तीत कुणी हात उगारला तर मध्ये पडला. हे सगळं खरंच केलेलं असायचं. आणि मग एक दिवस एक पिशवी इकडून तिकडे न्यायला सांगितली. पोलिसांनी कितीही विचारलं तरी मुलगा मामाचं नाव सांगायचा नाही. ते भीतीपोटी असतं असं लोक समजतात. भीती असतेच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे खाल्ल्या मिठाला जागणं, जे आपण प्रत्येक मुलाला चांगल्या संस्काराचं लक्षण म्हणून शिकवतो. त्या मुलांमध्ये ते इतरांपेक्षा जास्तच होतं.

राजाचा गुप्त मारेकरी चेड हा फिट्झचा गुरू. तो राजाचा सावत्र भाऊ, तोही लग्नाबाहेरचाच. भिंतीतल्या चोरवाटेनं मुलाला रात्री वर बोलावून तो त्याला विषं शिकवतो, माग काढणं शिकवतो, आणि हे माणसं मारण्याचं शिक्षण आहे हे लपवत नाही. पण चुलीजवळच्या त्या खोलीत मुलाशी कुणीतरी पहिल्यांदाच पोटभर गप्पा मारतं. एकदा चेड त्याला राजाच्या शयनगृहातून एखादी वस्तू चोरून आणायला सांगतो, गंमत म्हणून. मुलगा नकार देतो, कारण त्यानं राजाला शब्द दिलेला असतो. चेड त्याला हाकलतो आणि बोलावणं बंद करतो. मुलगा झुरतो. नंतर कळतं की ही परीक्षा राजानंच घ्यायला लावली होती. ती पानं वाचताना मला त्या राजाचा जेवढा राग आला तेवढा क्वचितच कुठल्या पात्राचा आला असेल. मायेला भुकेल्या मुलाची माया तोडून त्याची निष्ठा मोजायची!

या कादंबरीवर एक तक्रार नेहमी ऐकते, माझ्या मुलीच्या मित्रमंडळींकडूनही. नायक फार घुटमळतो, मारेकरी असून मारायला कचरतो, रडतो. त्यांना सफाईदार मारेकरी हवा असतो. मला हा आक्षेप मुळातच मान्य नाही. त्याचं कचरणं काढून टाकलं तर पुस्तकात विषांच्या पाककृतींशिवाय काय उरेल?

पोसलेल्या पोराला कामाला कसं लावायचं, हा प्रश्न राज्यकर्त्यांना जुनाच आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पहिल्याच अधिकरणात गुप्तहेरांचे प्रकार सांगितले आहेत. र. पं. कंगल्यांनी मुंबई विद्यापीठासाठी या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती केली, तेव्हा आपल्याकडच्या वाचकाला तो परका नाही. त्यात 'सत्री' म्हणून जे हेर आहेत ते कोण? ज्यांना नातेवाईक नाहीत आणि ज्यांना पोसणं राज्याला भागच आहे, असे. त्यांना निरनिराळ्या विद्या शिकवून कामाला लावायचं. आणि विष देणारा 'रसद' कसा निवडायचा? ज्याला आप्तांविषयी माया नाही, जो क्रूर आणि आळशी आहे, असा. श्रूड राजा पहिला नियम तंतोतंत पाळतो. दुसरा नियम मात्र इथे बसत नाही, कारण हा पोरगा मायेनं नुसता भरलेला आहे. त्याला जनावरांच्या मनाशी जोडलं जाण्याची शक्ती आहे, आणि त्या राज्यात ती घाणेरडी मानली जाते. कुत्र्याचं दुःख त्याला स्वतःच्या छातीत जाणवतं. अशा मुलाच्या हातात विषाची पुडी देणं हाच मुळात अत्याचार आहे, आणि हॉब तो शेकडो पानं आपल्याला सोसायला लावते.

याच राज्याच्या किनाऱ्यावर लाल जहाजांतून लुटारू येतात. फोर्ज नावाच्या गावातली माणसं ते पळवून नेतात आणि निरोप पाठवतात: खंडणी द्या, नाहीतर ही माणसं परत पाठवू. धमकी कुणालाच कळत नाही. माणसं परत येतात तेव्हा कळते. त्यांच्यातलं माणूसपण काढून घेतलेलं असतं. आईला मूल ओळखीचं असतं, पण त्याचं काहीच वाटत नाही. फिट्झला प्रत्येक जिवाची धुगधुगी जाणवते, या लोकांजवळ काहीच जाणवत नाही. पुढे त्यांना विष देण्याचं काम त्याच्याच वाट्याला येतं. मायेची किंमत कळावी म्हणून लेखिकेनं हे भुताटकीचं गाव रचलं असावं. अद्भुतकथेतच हे जमतं, वास्तववादी कादंबरीत एवढ्या उघडपणे दाखवता येत नाही.

शेवटी त्याला डोंगरी राज्यात पाठवतात, तिथल्या राजपुत्राला, रुरिस्कला, विष द्यायला. त्या राजपुत्राच्या घरी त्याला एक म्हातारा कुत्रा भेटतो. तो असतो नोझी, फिट्झच्या लहानपणीचा कुत्रा, बरिचनं त्याच्यापासून हिरावून घेतलेला. बरिचनं त्याला मारून टाकलं, असं समजून फिट्झनं इतकी वर्षं त्या माणसाला मनात गुन्हेगार ठरवलेलं असतं. कुत्रा चांगल्या घरी दिला होता, एवढंच. बरिच कधी गोड बोलला नाही, कधी भेट दिली नाही, चुकीच्या समजुतींनी पोराला दुखवलंही. पण त्यानं सांभाळल्याची वसुली कधी मागितली नाही. टाचणी देणारा राजा आणि काही न देणारा बरिच, यांतला फरक मुलाला फार उशिरा उमगतो. माझ्यासमोरच्या मुलांनाही तो उशिराच उमगायचा, काहींना कधीच नाही.

डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर, जिच्यात एक आरोपी अल्पवयीन होता, मुलांच्या गुन्ह्यांवर देशभर जी चर्चा झाली, ती वयावर झाली. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलानं घृणास्पद गुन्हा केल्याचा आरोप असेल, तर त्याला परिणामांची समज होती का, हे तपासायची तरतूद आली. त्याच कायद्यात कलम ८३ आहे. मुलांना बेकायदा कामासाठी वापरणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड. वयाच्या तरतुदीवर बोलणारे मला खूप भेटले. कलम ८३ चं नाव काढणारे फार थोडे. मुलगा पकडला गेला की त्याच्या वयाची बातमी होते, त्याला जेवू घालणारा मामा बातमीत नसतो. माझं म्हणणं आहे की त्या मामापर्यंत पोचल्याशिवाय तपास पूर्ण झाला असं कुणी मानू नये. मुलगा नाव सांगत नाही, हे कारण पुरेसं नाही. तो का सांगत नाही, हे तपास करणाऱ्याला कळलं पाहिजे. ते कळण्यासाठी मी बाल न्याय मंडळावर बसणाऱ्या सदस्यांना, बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्यांना आणि शिक्षकांना हे पुस्तक वाचायला सांगेन.

त्यासाठी ते चांगल्या मराठीत यायला हवं. टोल्किनची मुद्रिकांची गोष्ट मराठीत आली, हॅरी पॉटर आला, वाचकही मिळाले. हॉबला असा अनुवादक हवा, ज्याला पागेतल्या माणसाची तुटक बोली आणि राजाची साखरेत घोळलेली बोली, दोन्ही येतात. आणि तिन्ही भाग यावेत. तिसरा लांबला आहे, मधला प्रवास कंटाळवाणाही वाटतो, पण बरिच आणि त्या मुलाचं पुढे काय होतं हे तिथवर गेल्याशिवाय कळत नाही.