नातवंडांची रानवाट कोणाच्या हिशेबात?

आषाढ-श्रावणातील रविवारी नाशिकहून त्र्यंबकेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाहनांची जी रांग लागते, तीत आता केवळ महाविद्यालयीन तरुण नसतात. निवृत्त आजोबा, गुडघेदुखी विसरून निघालेल्या आजी, नोकरदार मुलगा-सून आणि मागच्या आसनावर नातवंडे, असे तीन पिढ्यांचे कुटुंब एक दिवस जंगल पाहण्यासाठी बाहेर पडलेले दिसते. पहिने, दुगारवाडी ही नावे सर्वतोमुखी झाली आहेत. त्यांच्याही पुढे हरसूलच्या बाजूस गेले, की गर्दी ओसरते आणि रान सुरू होते. नातवंडांना एक दिवस झाडे, ओढे आणि ढग यांच्या सहवासात घालवू द्यावा ही इच्छा स्तुत्य आहे. तिची टिंगल करण्याचे काहीच कारण नाही. परंतु याच डोंगरउतारावर आजी आणि नातवंडे यांची रानातून जाणारी आणखी एक वाट पिढ्यानपिढ्या चालत आलेली आहे. ती सहलीची वाट नव्हे. ती त्या घराची शाळा आहे आणि धान्याचे कोठारही आहे. ती वाट आज मोडत चालली आहे. तिची नोंद ना शिक्षणखात्याच्या वेळापत्रकात आहे, ना अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात.

वर्षावन आणि पानझडीचे रान

प्रथम एका शब्दाविषयी. पावसात हिरव्यागार झालेल्या या डोंगरांना शहरी मंडळी कौतुकाने ‘वर्षावन’ म्हणू लागली आहेत. खरे वर्षावन सदाहरित असते. ते पाहावयाचे तर राधानगरी, आंबोली, कोयना या दक्षिणेकडील पट्ट्यात जावे लागते. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांतील महाराष्ट्राच्या वाट्याची चारही स्थळे, म्हणजे कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी, दक्षिण महाराष्ट्रातील आहेत. नाशिक जिल्ह्यातील सह्याद्रीचे नाव त्या यादीत नाही. हरसूलचे रान पानझडीचे आहे. साग, ऐन, कळंब, मोह, टेंभुर्णी, हिरडा, बेहडा, पळस ही त्यातील झाडे. तोडीने आणि नाइलाजाच्या शेतीने ते पुष्कळ ठिकाणी विरळ झालेले आहे. चैत्रात हेच डोंगर पाहणाऱ्यास ते उजाड वाटतील.

तथापि यादीत नसणे म्हणजे मोल नसणे नव्हे. सदाहरित वनात वर्षभर साधारण एकच ऋतू नांदतो. पानझडीच्या रानात मात्र दर पंधरवड्याला काहीतरी उगवते, फुलते, पिकते आणि संपते. म्हणून हे रान नुसते पाहून कळत नाही. ते तिथीवार शिकावे लागते आणि ते शिकविणारे माणूस बरोबर असावे लागते. कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकूर यांच्या घरांत हे शिकविणारे माणूस बहुधा आजी असते.

मृगाच्या आगेमागे जमिनीतून शेवळे वर येते. त्याची भाजी काकडाच्या आंबट फळांवाचून केली तर घसा खवखवतो. बरोबर काकड शिजविला तर तीच भाजी चवीची होते. कडूकंद तसाच खाल्ला तर बाधतो. त्याच्या चकत्या राखेच्या पाण्यात उकडून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवल्या, म्हणजे तो टंचाईच्या दिवसांत पोटाला आधार देतो. कुरडू, कवळा, भारंगी, करटोली आणि बांबूचे कोवळे वास्ते, यांतील प्रत्येकाची वेळ, जागा आणि रीत ठरलेली. कोणते अळंब खावे आणि कोणत्यास हातही लावू नये, हा धडा तर चुकून चालणारच नाही. हे ज्ञान कोणत्याही पुस्तकातून पूर्णपणे घेता येत नाही, कारण ते डोळ्यांनी, बोटांनी आणि वासाने घ्यावयाचे असते. सहा वर्षांची नात आजीच्या लुगड्याचा काठ धरून चालते आणि पाने ओळखू लागते, तेव्हा ती जे मिळविते त्यास आमच्या शास्त्रात भांडवल असेच म्हणावे लागेल.

या वाटेवर नुसती ओळखच मिळते असे नाही, नियमही मिळतात. पहिली कोवळी भाजी देवाला दाखविल्याखेरीज खायची नाही. देवराईतून काडी आणायची नाही. वाघबारशीला वाघदेवाला पुजायचे, कारण रानाचा धनी तो. शहरी वाचकास या समजुती वाटतील. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा या श्रद्धेमुळे अनेक वनस्पती जगून राहिल्याचे त्यांनी शास्त्रीय नोंदींनिशी दाखवून दिले. १९६८ साली गॅरेट हार्डिन यांनी मांडलेला सिद्धांत असा, की सर्वांच्या मालकीचे कुरण अखेर उजाड होणारच. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातील उदाहरणांवरून त्यास उत्तर दिले, की लोक आपले नियम आपण करतात आणि पाळतात, तेथे तसे होत नाही. या कार्याबद्दल २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पण नियम टिकतात ते पुढच्या पिढीला कळले तरच. हरसूलच्या रानात ते कळविण्याचे काम आजी करीत आली आहे, आणि तिला त्याचे वेतन कोणीही दिलेले नाही.

वाट मोडते कोठे?

ही परंपरा आदिवासींना नकोशी झाली म्हणून मोडते आहे, असे समजणे चूक ठरेल. ती मोडते आहे ती दोन साध्या कारणांनी.

पहिले कारण रोजगाराचे. भात-नागलीची काढणी झाली, की या भागातील कर्ती माणसे कामासाठी बाहेर पडतात. गिरणारे येथे पहाटे भरणारा मजुरांचा बाजार नाशिककरांना परिचित आहे. द्राक्षबागांची छाटणी, बांधणी आणि काढणी याच हातांवर चालते. कोणी दिंडोरी-निफाडकडे जातात, कोणी वीटभट्ट्यांवर ठाणे-वसईकडे. अशा घरात कित्येक महिने मागे उरतात ती आजी-आजोबा आणि लहान नातवंडे. आई-बापांच्या पिढीला रान शिकविण्यास सवड उरलेली नाही. म्हणजे दुवा आता केवळ आजीचा आहे आणि मधली कडी निखळलेली आहे.

दुसरे कारण शाळेचे आहे, आणि ते अधिक विचार करण्याजोगे आहे. मूल सहा वर्षांचे झाले की आश्रमशाळेत जाते. आश्रमशाळेने आदिवासी मुलांना दोन वेळचे अन्न आणि अक्षर दिले, हे ऋण कोणीही अमान्य करणार नाही. राज्यात पाचशेच्या आसपास शासकीय आश्रमशाळा आहेत आणि जवळपास तितक्याच अनुदानित. परंतु या शाळांचे वर्ष पुण्या-मुंबईच्या शाळांच्या धर्तीवर आखलेले आहे. मुले घरी येतात ती दिवाळीत आणि उन्हाळ्यात. रानाचा मुख्य अभ्यासक्रम चालतो तो जून ते सप्टेंबर, नेमक्या त्या काळात जेव्हा मूल वसतिगृहात असते. शेवळे उगवते तेव्हा नात शाळेत आणि नात घरी येते तेव्हा शेवळे मातीत. अशी दहा वर्षे गेली, म्हणजे मूल दहावीपर्यंत पोहोचलेले असते. पण आजीच्या रानातील वनस्पतींची नावे त्यास परकी झालेली असतात. कोणी दुष्टाव्याने हे केलेले नाही. केवळ दोन वेळापत्रके एकमेकांना विचारून आखली गेली नाहीत, एवढेच.

आजचे मोल आणि उद्याचे

या हानीची किंमत किती, असा प्रश्न अर्थशास्त्राच्या शिक्षकास विचारला जाईल. आपल्या देशात वनजमीन अन्य कामासाठी घ्यावयाची तर तिचे ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ भरावे लागते. प्रा. कांचन चोप्रा यांच्या समितीने त्याची पद्धत सुचविली आणि २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेले दर वनाच्या प्रकारानुसार व घनतेनुसार हेक्टरी ४ लाख ३८ हजार ते १० लाख ४३ हजार रुपये होते. २०२२ च्या जानेवारीत केंद्राने ते वाढवून सुमारे ९ लाख ५७ हजार ते १५ लाख ९५ हजार रुपये केले. या हिशेबात लाकूड आहे, चारा आहे, गौण वनोपज आहे, पर्यटनही आहे. जी हे वनोपज ओळखते ती व्यक्ती मात्र त्यात नाही. ओळखणारे कोणी उरले नाही, तर कडूकंद हे वनोपज राहत नाही; ते तण ठरते.

शिवाय वर्तमान मूल्याच्या पद्धतीतच नातवंडांचे माप कमी भरते. व्याजाचा दर दहा टक्के धरला, तर पन्नास वर्षांनी मिळावयाचे शंभर रुपये आजच्या हिशेबात केवळ ८५ पैसे होतात. आजीच्या हातून लावलेल्या मोहाची फुले नात म्हातारपणापर्यंत वेचणार असेल, तर या गणिताने आजीचे श्रम वायाच गेले. फ्रँक रॅम्झी या विलक्षण बुद्धीच्या तरुण गणितज्ञाने १९२८ साली लिहिलेल्या निबंधात, केवळ उद्याचे म्हणून सुख कमी लेखणे नीतीला धरून नाही आणि ते कल्पनाशक्तीच्या दुबळेपणातून येते, असे बजावले होते. आज्याने लावलेला आंबा नातवाने खावा, असे आपल्याकडे घरोघर म्हटले जाते. प्रकल्पाच्या टिपणीत मात्र हे शहाणपण आपण विसरतो.

काय करता येईल?

पहिली सूचना शाळेविषयी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवसांची तरतूद आहे. त्या दिवसांत स्थानिक कारागिरांकडून काही शिकावे असा हेतू आहे. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे. त्याने हे दहा दिवस आश्रमशाळांसाठी पावसाळ्यात विभागून ठरवावेत, मुलांना आपापल्या गावच्या रानात जाणत्या स्त्री-पुरुषांबरोबर न्यावे आणि त्या जाणत्यांना अभ्यागत शिक्षकाइतके मानधन द्यावे. यास नवा कायदा लागत नाही, इमारत लागत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक गावाने जी लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयाची, तिची पाने या फेऱ्यांतून मुलांच्याच हस्ताक्षरात भरता येतील.

दुसरी सूचना हक्काविषयी. जे रान आपले नाही, त्याचे नियम नातीला शिकविण्यात आजीला तरी कोणती उमेद राहणार? २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वन राखण्याचा आणि त्याचे व्यवस्थापन करण्याचा अधिकार दिला. २००९ साली गडचिरोलीतील मेंढा-लेखाने तो मिळवून दाखविला आणि आपला बांबू आपण विकला. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत गेलेल्या हजारो शेतकऱ्यांत आदिवासी मोठ्या संख्येने होते आणि वनजमिनीचे हक्क ही त्यांची मुख्य मागणी होती. कसणाऱ्यांच्या वैयक्तिक पट्ट्यांइतकेच महत्त्व सामूहिक हक्कांच्या दाव्यांना मिळाले पाहिजे, कारण वारसा जातो तो सातबाऱ्याने नव्हे, सामायिक रानाने.

तिसरी सूचना सहलीला येणाऱ्या कुटुंबांसाठी. ९ ऑगस्टच्या सुमारास कृषी विभाग रानभाजी महोत्सव भरवितो, ही चांगली गोष्ट आहे. पण टोपलीतील जुडी पाहून रान कळत नाही. ग्रामसभांनी वाटा, संख्या आणि शुल्क ठरवून द्यावे. पाहुण्या कुटुंबाने गावातील एका आजीबरोबर दोन तास हळूहळू चालावे आणि तिला मार्गदर्शक म्हणून नव्हे, शिक्षिका म्हणून मोबदला द्यावा. शहरातील नातवंडांना त्या दिवशी धबधब्याच्या छायाचित्राहून अधिक काही मिळेल, आणि गावातील नातवंडांना आपल्या आजीच्या ज्ञानाला मान असतो हे दिसेल. हा दुसरा लाभ अधिक मोठा आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. आदिवासी मुलांनी कंदमुळे खणीतच राहावे काय? मुळीच नाही. हरसूलच्या मुलीने परिचारिका व्हावे, लेखापाल व्हावे, जिल्हाधिकारी व्हावे. भूक भागविण्यासाठी कोणालाही कडूकंद खणावा लागू नये. परंतु शहरातील मूल डॉक्टर झाले तरी आजीची भाषा आणि घरची रीत सोडीत नाही. सोडावी अशी अटही त्यास कोणी घालीत नाही. आदिवासी मुलालाच शिक्षणासाठी आपले रान विसरण्याची किंमत का मोजावी लागावी? दोन्ही विद्या एका मुलाच्या डोक्यात सुखाने नांदू शकतात. अडचण मुलाच्या बुद्धीची नाही, आपल्या वेळापत्रकाची आहे.

तोडलेले जंगल पुन्हा लावण्यासाठी कायदा आहे, निधी आहे, खाते आहे. झाडे पुन्हा लावता येतात. ती ओळखणारी आजी पुन्हा लावता येत नाही. वेळापत्रक बदलण्याचा अधिकार ज्यांच्या हाती आहे, त्यांनी पुढच्या मृगापूर्वी हे ध्यानात घ्यावे.